साडेसतरा मीटरची रिळं आणि कोपऱ्यातलं मशीन

राउल कुतार या फ्रेंच कॅमेरामनचं नाव निघालं की बोलणं हातात धरलेला कॅमेरा, पॅरिसचे रस्ते आणि ‘दिवेच लावले नाहीत’ इथवर येऊन थांबतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यावरून काम कसं निभावलं ते कळत नाही. १९५९च्या उन्हाळ्यात ज्याँ-लुक गोदारच्या पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी (‘आ बू द सुफ्ल’, आपल्याकडे ‘ब्रेथलेस’ म्हणून माहीत) घेतलेला एकच निर्णय इथे सुटा करून पाहू. दिवे न्यायचे नाहीत, फिल्मच जास्त वेगवान (म्हणजे कमी उजेडातही चित्र उमटवणारी) वापरायची, हा तो निर्णय. त्याची किंमत कॅमेऱ्यात, आवाजात आणि सगळ्यात जास्त लॅबमध्ये मोजावी लागली. कुतारची पुढची चाळीस वर्षं बरीचशी हाच सौदा नव्या नव्या भावाने करण्यात गेली.

माणूस आणि मागणी

कुतारचा जन्म १६ सप्टेंबर १९२४चा, पॅरिसचा. स्टुडिओत क्लॅप धरण्यापासून एकेक पायरी चढत आलेला हा माणूस नव्हे. इंडोचायनात त्याने सुमारे ११ वर्षं काढली, आधी लष्करासाठी आणि मग मासिकांसाठी फोटो काढत. १९५६मध्ये दिग्दर्शक पिएर शोंदेर्फेरने त्याला अफगाणिस्तानातल्या चित्रपटासाठी बोलावलं, तेव्हा फोटोच काढायचे असतील असं समजून त्याने होकार दिला होता. हातात आला चालता कॅमेरा. निर्माता होता जॉर्ज द बोरगार. त्याच्याचकडे शोंदेर्फेरबरोबर आणखी दोन चित्रपट झाले, आणि त्यानंतर बोरगारने त्याला गोदारच्या हवाली केलं.

गोदारची मागणी मोजक्या शब्दांत मांडता येते. स्टुडिओतला गोडगोड उजेड नको, आहे त्याच उजेडात काम करायचं. त्याने कुतारला विचारलं की फोटोग्राफर म्हणून तुझी आवडती फिल्म कोणती. कुतारचं उत्तर होतं, इल्फर्ड एच.पी.एस. मग गोदारने त्याच फिल्मवर फोटो काढून घेतले, ते दुसऱ्या फिल्मवरच्या फोटोंशेजारी ठेवून पाहिले, चाचण्या केल्या आणि ‘हेच’ म्हणून पसंती दिली. ‘सुचेल तसं शूट करणारे’ म्हणून ज्यांची ख्याती झाली, त्यांची सुरुवात अशी चाचण्यांनी झाली होती.

उजेडाचा हिशेब

मागणी केवढी होती ते आकड्यांत पाहू. सेकंदाला २४ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर धरलं तर प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा ४८वा भाग मिळतो. लेन्स एफ-२वर उघडली (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), तर ८० ए.एस.ए.च्या (ए.एस.ए. हे फिल्मच्या वेगाचं माप, लक्स हे उजेडाचं) फिल्मला चेहऱ्यावर साधारण ६०० लक्स उजेड लागतो. तीच लेन्स, तेच शटर, पण फिल्म ८०० ए.एस.ए.ची, तर ६० लक्सवर भागतं. खिडकीपासून दोन-तीन पावलांवर, ढगाळ दिवशीही ६० लक्स सहज असतात. ६०० मात्र नसतात, ते बाहेरून आणावे लागतात. ते आणायचे म्हणजे दिवे, केबल, जनरेटर, चार इलेक्ट्रिशियन आणि प्रत्येक शॉटआधी तासभर. दहापटीचा हा फरक म्हणजे एका ट्रकचा आणि अख्ख्या पथकाचा फरक.

उघड्या उन्हात हे गणित उलटतं. ८०० ए.एस.ए.ची फिल्म ऑगस्टच्या उन्हात धरली तर शटरच्या त्या वेगाला एफ-६४च्या आसपास जावं लागेल, आणि सिनेमाच्या लेन्सला तेवढं बारीक अॅपर्चर नसतं. चार स्टॉप खाणारे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) करडे फिल्टर लावा, नाहीतर साधी फिल्म भरा. वेगवान फिल्मची खरी गरज खोल्यांत आणि रात्रीच. म्हणून हे प्रकरण मुख्यतः त्या दोन ठिकाणांचं आहे.

फिल्म जोडणं

पहिला अडथळा अगदीच गद्य. एच.पी.एस. सिनेमासाठी बनतच नव्हती. ती फोटोग्राफरसाठी होती आणि साडेसतरा मीटरच्या रिळांत मिळायची. फोटोग्राफर त्यातून कापून ३६ फोटोंच्या कॅसेट भरायचे. सिनेमाचा कॅमेरा ३५ मि.मी.ची फिल्म सेकंदाला जवळजवळ ४६ सेंटिमीटर खातो. म्हणजे एक रीळ ३८ सेकंदांत संपतं.

गोदारने ठरवलं की रिळं एकाला एक चिकटवायची. १२० मीटरचं मॅगझिन भरायचं तर सात रिळं आणि मध्ये सहा सांधे. कागदावर सोपं वाटतं. पण ही फिल्म सगळ्या रंगांना संवेदनशील, त्यामुळे लाल दिवासुद्धा चालत नाही. काम मिट्ट काळोखात, बोटांच्या अंदाजाने. एका टोकाचा रसायनाचा थर खरवडायचा, सिमेंट लावायचं, दुसरं टोक त्यावर असं दाबायचं की भोकांची रांग सरळ रेषेत आणि नेमक्या अंतरावर चालू राहावी. एक भोक चुकलं तरी फिल्म ओढणारा कॅमेऱ्याचा पंजा तिथे अडकतो, फिल्मचा सैल ठेवलेला वळसा (लूप) सुटतो आणि मॅगझिनमध्ये फिल्मची भजी होते. सिमेंट जास्त झालं तर सांधा जाड होऊन लेन्समागच्या गेटमधून जाताना उडी मारतो, कमी झालं तर लॅबच्या टाकीत सुटतो. टाकीतला प्रकार सगळ्यात वाईट, कारण मागची सगळी फिल्म द्रावणात तशीच बसून राहते. ३८ सेकंदांपेक्षा लांब टेक घेतला की त्यात कुठेतरी सांधा येणार हे तर गृहीतच.

दुसरा अडथळा भोकांचा. सिनेमाच्या निगेटिव्हची आणि फोटोच्या फिल्मची भोकं लांबून सारखीच दिसतात, पण सिनेमाच्या भोकाची उंची १.८५ मि.मी. आणि फोटोच्या भोकाची १.९८. फरक तेरा शतांश मिलिमीटरचा. मिचेलसारख्या स्टुडिओ कॅमेऱ्यात फ्रेम उघडताना फिल्म घट्ट धरून ठेवणाऱ्या पिना असतात आणि त्या सिनेमाच्या भोकाच्या मापाने घासलेल्या. त्यात फोटोची फिल्म घातली की ती वरखाली खेळते. फ्रेमची उंची सुमारे १६ मि.मी.; पाच मीटर उंच पडद्यावर हा खेळ चार सेंटिमीटरचा होतो. चित्र थरथरताना शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल.

भोकांतल्या अंतराचाही प्रश्न होता. सिनेमाची निगेटिव्ह शतांश मिलिमीटरने आखूड अंतराची पाडतात. प्रिंटरच्या चाकावर निगेटिव्ह आत आणि पॉझिटिव्ह बाहेर अशा एकावर एक फिरतात, आणि आतली किंचित आखूड असली तरच दोन्ही न घसरता चालतात. फोटोच्या फिल्मला ही सोय नसते.

तोडगा निघाला कॅमेऱ्याच्या निवडीत. एक्लेर कंपनीचा कामेफ्लेक्स १९४७पासून बाजारात होता. फोटोच्या फिल्मच्या भोकांशी सगळ्यात जास्त जमणारी यंत्रणा त्याच्यात होती. शिवाय तो खांद्यावर घेऊन चालता येतो, पुढच्या फिरत्या तबकडीवर तीन लेन्स बसतात, आणि मॅगझिन आधीच लूपसकट भरून ठेवलेलं असतं: एक उचकटायचं, दुसरं टक्कन बसवायचं. हातातल्या कामासाठी कामेफ्लेक्स निवडला असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धं खरं. भोकांमुळे पर्याय फारसा उरलाच नव्हता, आणि जो उरला तो नशिबाने हातात मावणारा निघाला.

लॅब

खरं मर्म इथे आहे.

एच.पी.एस.चा मूळ वेग ४०० ए.एस.ए. धरला होता. गोदारला तो दुप्पट हवा होता. फोटोग्राफर मंडळींना या फिल्मवर फेनिडोन हे रसायन असलेल्या डेव्हलपरमध्ये (फिल्म धुण्याच्या द्रावणात) चांगले निकाल मिळत होते. फेनिडोन हायड्रोक्विनोन या दुसऱ्या रसायनाबरोबर काम करताना जुन्या मेटोलपेक्षा सावल्यांतून थोडं जास्त ओढून काढतं. वेग खरोखर वाढतो, पण अर्ध्या स्टॉपच्या आतबाहेर. बाकीचं जे ‘वाढतं’ ते जास्त वेळ धुतल्यामुळे मधल्या छटा वर ढकलल्या जातात म्हणून. जी.टी.सी. लॅबमधल्या रसायनतज्ज्ञाबरोबर चाचण्या झाल्या आणि फिल्म ८०० धरून चालेल असा निष्कर्ष निघाला.

मग लॅबने हात वर केले. यात आडमुठेपणा नव्हता. मोठ्या लॅबची मशिनं तासाला ३००० मीटर फिल्म धुवायची, सगळ्या निर्मात्यांची फिल्म एकाच द्रावणातून, कोडॅकच्या ठरलेल्या पद्धतीने. गोदारची फिल्म दिवसाला फार तर १००० मीटर, म्हणजे मशीनचं वीस मिनिटांचं काम. पण त्या वीस मिनिटांसाठी टाकी रिकामी करायची, धुवायची, फेनिडोनचं द्रावण भरायचं, तापमान स्थिर करायचं, मशीनचा वेग बदलायचा, आणि नंतर सगळं पुन्हा उलट. कोडॅकचं द्रावण थोडं जरी बिघडलं तरी दुसऱ्या दहा निर्मात्यांची निगेटिव्ह धोक्यात. आणि वर ही सांध्यांची फिल्म! मशीनवर बसलेल्या कुठल्याही माणसाने नकारच दिला असता.

जी.टी.सी.च्या एका कोपऱ्यात एक जादा मशीन पडलं होतं, जवळजवळ मोडीत काढलेलं, फक्त चाचण्यांसाठी वापरलं जाणारं. ते गोदारला उसनं मिळालं. त्याला ठरलेलं द्रावण नव्हतं, वेगाचं बंधन नव्हतं, रांगेत दुसरं कुणी नव्हतं. मोकळेपणाने काढलेल्या त्या चित्रपटाचा पाया हे अडगळीतलं यंत्र आहे, आणि ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासांत तळटीपेपुढे क्वचितच सरकते.

खोलीत आणि रस्त्यावर

चित्रपट दीड तासाचा. त्यातली पंचवीसेक मिनिटं सेन नदीकाठच्या ऑतेल द स्वेदमधल्या एका खोलीत जातात: पलंग, खिडकी, आरसा, नायक बेलमोंदो आणि नायिका सीबर्ग. खोली एवढीशी की दोन नट आणि कॅमेरा आत गेल्यावर बाकीच्यांना दारात उभं राहावं लागावं. इथे स्टुडिओची रीत चालली नसती, दिव्याचा स्टँड ठेवायला कोपराच नव्हता. मोकळी जागा वाचली, ती कॅमेऱ्याने वापरली.

पण खिडकी फ्रेममध्ये आली की अडचण सुरू. बाहेर दहा हजार लक्स आणि आत चेहऱ्यावर दोनशे, म्हणजे पाच-सहा स्टॉपचं अंतर. जास्त वेळ धुतल्याने कॉन्ट्रास्ट आधीच वाढलेला, त्यामुळे दरी आणखी रुंद. रूढ उपाय दोन: काचेवर करडी जिलेटिनं (उजेड कमी करणारे पारदर्शक कागद) चिकटवा किंवा आत उजेड वाढवा. कुतारने तिसरा घेतला. चेहऱ्याला मोजलं आणि खिडकी जळू दिली. ती पडद्यावर पांढरीफेक दिसते, तिच्या कडा पडद्यांवर आणि केसांवर सांडतात. खिडकीकडे पाठ केलेला चेहरा काळवंडतो, कारण वाढवून धुतल्याने रिकाम्या सावलीत काही येत नाही, फक्त ग्रेन (फिल्मचे दाणे) येतो. त्या काळच्या कॅमेरामनला ही सरळ चूक वाटली असती. वर्षभराने दिग्दर्शक जाक दमीच्या ‘लोला’त कुतारने हाच जळका पांढरा ठरवून, जवळजवळ लाडाने वापरला.

रस्त्यावर रूळ घालायला परवानगी आणि वेळ दोन्ही नव्हतं. चालत्या शॉटसाठी अपंगांची चाकांची खुर्ची आणली. कुतार तीत बसायचा आणि मागून ढकलणारा बरेचदा स्वतः गोदार. रूळ आणि ट्रॉलीला अर्धा तास लागतो, खुर्चीला एक मिनिट. तोटा असा की खुर्ची रस्त्याचा प्रत्येक सांधा चित्रात उतरवते, म्हणून लांब लेन्स वापरायची सोय नाही. रुंद लेन्सच धक्के पोटात घालते. शाँझेलिझेवर गर्दीने वळून पाहू नये म्हणून टपालाची हातगाडी घेतली, तिला लेन्सपुरतं भोक पाडलं, कुतार आत बसला आणि वर पार्सलं रचली.

आवाजाची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागली. कामेफ्लेक्स चालताना शिवणयंत्रासारखा खडखडतो. त्या खोलीत संवाद ध्वनिमुद्रित करणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळं नंतर डब केलं. यातून एक अनपेक्षित फायदा निघाला: आवाज घ्यायचाच नसल्यामुळे गोदार टेक चालू असताना नटांना मोठ्याने वाक्यं सांगू शकत होता.

एक गैरसमज इथेच निकालात काढावा. चित्रपटातले उडी मारणारे कट या छोट्या रिळांमुळे आले, असं अधूनमधून वाचायला मिळतं. तसं नाही. पहिली जुळणी फार लांब झाली होती आणि ती दीड तासावर आणण्यासाठी अख्खी दृश्यं काढण्याऐवजी शॉटच्या आतून तुकडे कापले गेले. तो निर्णय संकलनाच्या टेबलावरचा, काळोखातल्या सांध्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

मशीन नसताना

१६ मार्च १९६० रोजी चित्रपट पॅरिसमध्ये लागला. ‘कुतारसारखं’ हा शब्द निर्मात्यांच्या तोंडी आला, पण कोपऱ्यातलं मशीन प्रत्येक वेळी मिळणार नव्हतं. १९६०मध्ये जिनिव्हात गोदारचाच ‘ल पती सोल्दा’ करताना अॅग्फाची रेकॉर्ड फिल्म घेतली.

मग रंगीत काम आलं आणि गणित मोडलंच. त्या वेळची ईस्टमनकलर निगेटिव्ह ५० ए.एस.ए.ची. ८००पासून ५०पर्यंत पूर्ण चार स्टॉप, म्हणजे तोच एफ-२ ठेवला तर ६०च्या जागी ९६० लक्स. ‘युन फाम ए युन फाम’साठी (१९६१) गोदारने खरं घर बघून ठेवलं होतं, पण घरमालकांनी आयत्या वेळी माघार घेतली आणि सेट स्टुडिओत उभारावा लागला. स्टुडिओचा फायदा असा की भिंत सरकवता येते आणि छत नसल्याने वरून दिवे सोडता येतात. गोदारने छत घालायला लावलं आणि भिंती पक्क्या करून घेतल्या. खऱ्या घराच्या सगळ्या अडचणी पैसे देऊन बांधून घेतल्या म्हणायच्या.

अशा जागांसाठी कुतारचं उत्तर होतं छतावरून परतवलेला उजेड. फोटोफ्लड बल्ब पांढऱ्या छताकडे तोंड करून लावायचे. हे बल्ब विजेच्या जास्त दाबाने जाळण्यासाठी केलेले, ५०० वॅटचा बल्ब पाच-सहा तास टिकतो. आठ लावले की चार किलोवॅट, २२० व्होल्टवर १८ अॅम्पिअर. जुन्या घरातला फ्यूज तिथेच राम म्हणतो, म्हणून तारा मीटरजवळून वेगळ्या ओढाव्या लागतात. मिळतं काय, तर खोलीभर सारखा, सावली नसलेला उजेड. नट कुठेही फिरो, कॅमेरा कुठेही वळो, दिवा हलवायला नको. दुखणी ठरलेली: उजेड वरून येत असल्याने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, काळे केस काळ्या पार्श्वभूमीत विरतात, आणि रंगीत फिल्मवर छत पिवळट असेल तर अख्खी खोली पिवळी. छत पांढरं रंगवणं ही पहिली पायरी, दिवे नंतर.

ही युक्ती कुतारच्या नावावर सरसकट मांडली जाते, तेव्हा एक दुरुस्ती केलीच पाहिजे. सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्रांनी १९५६च्या ‘अपराजितो’त वाराणसीच्या घराचं अंगण कोलकात्यात सेटवर उभारलं असताना वर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड परतवला होता. पॅरिसची नवी लाट (गोदार आणि त्याच्या सोबत्यांची चळवळ) तेव्हा अजून मासिकाच्या पानांत होती.

पुढे कुतारची अवजारं बदलत गेली. ‘व्हिव्र सा व्ही’त (१९६२) प्रत्यक्ष आवाज हवा म्हणून जड, पण न खडखडणारा मिचेल आला आणि कॅमेरा शांत झाला. ‘ल मेप्री’च्या (१९६३) सुरुवातीला रुळावरून आपल्याकडे येणाऱ्या मिचेलमागे बसलेला माणूस दिसतो, तो स्वतः कुतार. ‘वीकएन्ड’मधली (१९६७) वाहतूक कोंडी तर शेकडो मीटर रुळांवर काढली. चाकांच्या खुर्चीपासून तिथवर आठ वर्षं.

एच.पी.एस. परत आली ती ‘आल्फाव्हिल’मध्ये (१९६५), रात्रीच्या पॅरिससाठी. या वेळी गोदारला बाहेरून एकही दिवा नको होता. कुतारने सांगितलं की उजेड पुरत नाही. गोदारने ऐकलं नाही. बरीच फिल्म इतकी काळी आली की टाकून द्यावी लागली. जी उरली ती अप्रतिम आहे, पण टाकलेल्या मीटरांचा हिशेब तिच्यासोबतच धरायला हवा. ६० लक्स हा या सौद्याचा तळ होता. त्याखाली ना रसायन मदत करतं ना हिंमत.

मग त्रुफो आणि कोस्ता-गाव्रास या दिग्दर्शकांबरोबरचं काम, स्वतः दिग्दर्शित केलेला ‘होआ-बिन’ (१९७०), आणि शोंदेर्फेरकडे परतून उत्तर अटलांटिकमध्ये युद्धनौकेवर काढलेला ‘ल क्राब-तांबूर’, ज्यासाठी १९७८मध्ये छायालेखनाचा सेझार हा फ्रेंच पुरस्कार मिळाला. शेवटचं काम २००१मध्ये, फिलिप गारेलबरोबर, पुन्हा कृष्णधवलात. १९८२मध्ये कोडॅकने २५० ए.एस.ए.ची रंगीत निगेटिव्ह बाजारात आणली, पुढच्या वर्षी ४००ची. सीलबंद डब्यात, सिनेमाच्या भोकांसकट, कुठल्याही लॅबच्या नेहमीच्या टाकीत धुता येणारी. त्याच १९८३मध्ये गोदार-कुतार जोडीच्या ‘प्रेनों कार्मेन’ला व्हेनिसमध्ये तांत्रिक कामाचा पुरस्कार मिळाला.